आजीचा चातुर्मास

कालिंदी काही दुष्ट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला शिव्या घालाल, आणि त्याची काही गरज नाही. ती स्वतःला पुरेशा घालून झाली आहे.

तिची लेक नूपुर. पुण्याहून कालिंदीच्या नवऱ्याची, म्हणजे मंदारची, बदली झाली आणि हे तिघं कोलकात्यात न्यू टाउनला राहायला आले, तेव्हा ही पोर नुसती बडबडायची, आणि सगळं मराठीत. आल्या आल्या तिला सोसायटीच्या शेजारच्या प्ले स्कूलमध्ये घातली. थोड्याच दिवसांत भर दुपारी शाळेतून फोन आला, मुलीला घ्यायला या. कालिंदी धावत गेली, तर नूपुर कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दुसऱ्याच कुणाची तरी चड्डी घालून बसलेली. 'शूला जायचंय, शूला जायचंय' असं पोरीने मिसला किती वेळा सांगितलं होतं. मिस बंगाली, तिला काय कळणार कप्पाळ! तिने आधी चित्रांचं पुस्तक दिलं, मग पाण्याची बाटली दिली, आणि मग व्हायचं ते झालं. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. मिस अगदी गोड आवाजात कालिंदीला म्हणाली, घरी प्लीज इंग्लिशच बोला, मुलगी कन्फ्यूज होतेय.

ते कालिंदीच्या जिव्हारी लागलं. ती स्वतः इस्लामपूरच्या मराठी शाळेतली. पहिल्या नोकरीत मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की हिच्या घशाला कोरड पडायची, आणि हिच्याहून ढ पोरं फाडफाड इंग्रजी झाडून हिच्या पुढे निघून जायची. आपल्या लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, असं तिने त्या दिवशी ती ओली चड्डी पिळता पिळता ठरवलं.

झालं! घरात मराठी बंद. मंदारने आधी थट्टा केली, "म्हणजे आता 'पास द आमटी' म्हणायचं का?" पण त्याचं काय, तो सकाळी सेक्टर फाइव्हच्या ऑफिसला जाणार तो पोर झोपायच्या वेळेला येणार. त्याने मान तुकवली. लहान पोरंच ती, भराभर शिकतात. वर्षभरात नूपुर स्वप्नातसुद्धा इंग्रजीत बरळायला लागली. कालिंदीला केवढा आनंद झाला!

त्याच वर्षी माघात कालिंदीचे सासरे गेले. कराडच्या घरात सासूबाई, शोभाताई, एकट्या उरल्या. शोभाताई म्हणजे बोलण्याचा धबधबा. भाजीला गेल्या की भाजीवालीच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत पोचूनच परत यायच्या. अशा बाईला रिकाम्या घरात कसं ठेवायचं? आषाढात मंदार कराडला गेला आणि त्यांना घेऊन आला. हावड्याला उतरेपर्यंत डब्यातल्या सगळ्या बायकांची माहेरं-सासरं शोभाताईंना पाठ झाली होती, असं तोच हसत हसत सांगत होता.

कालिंदी मात्र हसली नाही. सॉल्ट लेकच्या एका मोठ्या शाळेत नूपुरला पहिलीत घालायचं होतं आणि नोव्हेंबरात मुलाखत होती. मुलाखत म्हणायचं नाही हं, इंटरॅक्शन म्हणायचं. आता ऐन वेळी हा धबधबा घरात आला म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात! मंदार अंघोळीला गेला, नूपुर शाळेतून यायला अजून अवकाश होता. तेवढ्यात तिने सासूबाईंसमोर चहा ठेवला आणि विषय काढला. ओल्या चड्डीपासून सगळं सांगितलं.

"मग मी काय बोलू गं तिच्याशी?" शोभाताईंनी विचारलं. "मला येस-नोच्या पुढे कुठे येतंय?"

"तेच म्हणतेय आई. थोडे दिवस... नोव्हेंबरपर्यंतच... म्हणजे तिच्यासमोर तुम्ही नाही बोललात तरी..." पुढचं तिच्या तोंडातून फुटेना. फुटलं नाही म्हणून काय झालं, समोरच्या बाईला कळायचं ते कळलं.

कालिंदी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होती. आणि सासूबाई म्हणाल्या काय, "परवा आषाढी. चातुर्मास लागतोय. दरवर्षी मी काहीतरी सोडतेच. एकदा वांगं सोडलं, एकदा साखर सोडली. एका वर्षी चहा सोडला, तर हे म्हणाले, बाई तू पी गं चहा, तुझ्या तापट डोक्यामुळे आम्हालाच उपास घडतोय." त्या हसल्या. "यंदा नातीशी बोलणं सोडते, आजपासूनच. कार्तिकीपर्यंत. तिला शाळा मिळाली म्हणजे झालं."

खरं तर कालिंदीला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटला तो सुटकेचा आनंद. महाराष्ट्र मंडळातल्या अमृताला तिने फोन करून सांगितलंसुद्धा, "आमच्या आई इतक्या समजूतदार आहेत ना, काय सांगू!" अमृताने तिकडे सुस्कारा सोडला. तिची सासू नव्हती अशी.

दुपारी नूपुर आली. दार उघडताच "आजी!" म्हणून झेपावली. फोनवर रोज दिसणारी आजी सगळीच्या सगळी घरात आलेली, तिला काय करू नि काय नको असं झालं. शोभाताईंनी तिला उचलली, गालांचे मुके घेतले, कडाकडा बोटं मोडली. सगळं केलं, फक्त बोलल्या नाहीत. नूपुर त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. मग तिने आईला विचारलं, आजी बोलत का नाही?

"आजी इज टायर्ड, बेटा," कालिंदी म्हणाली.

आता सांगा, एवढी बोलघेवडी बाई, दोन दिवसांत नेम मोडेल असं कुणालाही वाटलं असतं. पण चातुर्मासाचा नेम म्हणजे नेम! नूपुर घरात असली की शोभाताई मंदारशीसुद्धा खुणेनेच बोलायच्या. कराडहून फोन आला तर कापून टाकायच्या. दहीभाताचे छोटे छोटे घास करून ताटात मांडायच्या, आणि चिऊचा घास कुठला, काऊचा कुठला हे बोटांनी उडवून, मान वाकडी करून दाखवायच्या. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या तेव्हा ओठ नुसते हलायचे. नूपुर त्यांच्या मांडीवर चढून शाळेतलं सगळं इंग्रजीत सांगायची. शोभाताईंना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण डोळे असे मोठे करायच्या, गालावर हात ठेवायच्या, की पोरीला चेव चढायचा. कालिंदी स्वयंपाकघरातून ऐकायची. घरात एकटं इंग्रजी चाललेलं असायचं, अस्खलित. तेच तर हवं होतं तिला.

आणि सकाळी नूपुर शाळेला गेली की शोभाताईंचं साठलेलं बोलणं बाहेर पडायचं. पण ऐकायला होतं कोण? कालिंदी घरूनच काम करायची, कानाला हेडफोन. ती "हं, हं" करायची. खाली बायका भेटायच्या त्या सगळ्या बंगाली, मासीमा मासीमा, म्हणजे मावशी मावशी, करून प्रेमाने विचारपूस करायच्या, पण शोभाताई त्यांच्याकडे बघून नुसत्या हसायच्या. त्यांना हळूहळू हसण्याचीच सवय लागत गेली.

दुर्गापूजेच्या सुट्टीत एकदा दुपारी कालिंदी पाणी प्यायला उठली, तर बाल्कनीतून कुजबुज ऐकू आली. नूपुर आत झोपलेली. शोभाताई कुंडीतल्या तुळशीशी बोलत होत्या. "नूपुरबाई, तुझा पुढचा दात हलतोय ना गं? तो पडला की मला दे हं. तुझ्या बाबाचा दात मी असाच..." पुढे मंदारच्या दाताची अख्खी गोष्ट. पोरीला सांगायची गोष्ट तुळशीला सांगत होत्या.

कालिंदी पाय न वाजवता मागे फिरली. त्या दुपारी हे सगळं थांबवता आलं असतं. जाऊन हात धरून 'पुरे झालं आई' म्हणायला किती वेळ लागतो? पण इंटरॅक्शन तोंडावर आली होती. थोडक्यासाठी कशाला, असा तिने विचार केला. या 'थोडक्यासाठी'वरून ती पुढे किती वेळा जळली!

इंटरॅक्शनच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसली. मंदारने टाय लावला. प्रिन्सिपलबाई वयस्क, पांढऱ्या केसांच्या, बोलायला मायाळू. नूपुरला त्यांनी रंग विचारले, प्राणी विचारले, चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावली. पोपटासारखी बोलली पोर, कुठे म्हणून अडली नाही. कालिंदीचा जीव भांड्यात पडत होता. मग बाईंनी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं?

"मम्मा, बाबा अँड माय आजी."

आजी गोष्टी सांगते का, असं बाईंनी हसून विचारलं.

नूपुरने मान हलवली. "नो. शी कान्ट टॉक."

बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्या पुढे झुकल्या, आणि नूपुर मोठ्या माणसासारखं समजावून सांगायला लागली. आजी आधी फोनमध्ये बोलायची. मग ती आमच्या घरी आली. पण "हर व्हॉइस इज इन कराड." तिचा आवाज तिकडेच राहून गेला. म्हणून गोष्टी मी तिला सांगते. आणि तिला काय हवं ते मला कळतं, असं बघा... म्हणत तिने चिऊचा घास, काऊचा घास बोटांनी करून दाखवला.

प्रिन्सिपलबाईंनी चष्मा काढून पुसला. मग कालिंदीकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, हे कधीपासून?

एक वाक्य पुरे होतं हो! नाही मॅडम, त्यांना छान बोलता येतं, मीच त्यांना बोलू नका म्हटलं. इंग्रजीत जुळवून तयार होतं वाक्य, आता काही घशाला कोरड पडत नव्हती. पण बाईंच्या डोळ्यांत पोरीबद्दल जे कौतुक दाटून आलं होतं ते कालिंदीला दिसत होतं. ते घालवायचा तिला धीर झाला नाही. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "सिन्स जुलै, मॅम."

खोटं नव्हतं. जुलैपासूनच. पण असल्या खरेपणाला काय चाटायचंय?

बाईंनी नूपुरच्या डोक्यावरून हात फिरवला. अशीच मुलं आम्हाला शाळेत हवी असतात, म्हणाल्या. आणि ही आमच्याकडेच येणार असं समजा, असंही म्हणाल्या.

परत येताना नूपुर गाडीत मागच्या सीटवर झोपून गेली. मग मंदार म्हणाला, "सिन्स जुलै?"

"तू होतास ना तिथे?" कालिंदी उसळली. "तुझं तोंड कुणी शिवलं होतं?"

मंदार समोर रस्त्याकडे बघत राहिला. "आई माझी आहे ती," एवढंच म्हणाला. "आणि मी टाय सारखा करत बसलो."

दोघींना घरी सोडून तो ऑफिसला गेला. पळाला म्हणा ना.

शोभाताई दार उघडून उभ्याच होत्या. नूपुरला बिछान्यावर टाकून कालिंदी बाहेर आली, तेव्हा त्यांनी कुजबुजत विचारलं, "काय झालं गं?"

"घेणार म्हणाल्या."

"देवा रे!" शोभाताईंनी तिथूनच देव्हाऱ्याकडे हात जोडले. आणि त्यांचे ते जोडलेले हात बघून कालिंदीला रडू फुटलं. नूपुर काय म्हणाली, आपण काय म्हणालो, सगळं तिने हुंदके देत सांगून टाकलं.

शोभाताई आधी हसल्याच. "मुकी? मी? अगं बाई, कराडात कळलं तर लोक पेढे वाटतील!" मग हसू विरत गेलं. त्या खुर्चीत बसल्या. "आवाज कराडात राहिला म्हणाली?"

"हो."

"अस्सं." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "एवढीशी आहे, पण विचार करते."

कालिंदी त्यांच्या पायाशी बसली. "आई, आजच्या आज सोडा तो नेम. ती उठली की बोला तिच्याशी. वाटेल ते बोला."

"कार्तिकी अजून झाली नाही गं. असा मधेच मोडायचा नसतो."

"पाप लागलं तर मला लागू दे."

"वेडी की काय? तुझ्या लेकीसाठी धरला आणि तुझ्या डोक्यावर पाप ठेवून सोडू?" त्यांनी पदराने तिचे डोळे पुसले. "आणि खरं सांगू का कालिंदी, मला भीतीच वाटायला लागलीय. मनातल्या मनात इतकं बोलून झालंय तिच्याशी, आता तोंडाने काय बोलायचं तेच सुचत नाही."

तरी त्या उठल्या. हातपाय धुतले, देवापुढे साखर ठेवली, हात जोडून काहीतरी पुटपुटल्या. देवाशी काय बोलणं झालं ते त्यांनाच ठाऊक. मग आत जाऊन नूपुरच्या उशाशी बसल्या. कालिंदी दारात उभी राहिली.

नूपुर चुळबुळली, डोळे उघडले. शोभाताईंनी घसा खाकरला.

"उठलीस का गं माझी बाय? भूक लागली असेल ना?"

नूपुर ताडकन उठून बसली. तिचे डोळे हे एवढे झाले. "मम्मा! आजीज व्हॉइस केम!" ती गादीवर उड्या मारायला लागली, आजीच्या गळ्यात पडली, पुन्हा उड्या मारायला लागली. आणि शोभाताईंचा बांध फुटला. माझी सोनी गं, माझी चिमणी गं, किती गं बोलायचं राहिलं तुझ्याशी, दात दाखव बघू, तुझ्या बाबाचा दात पडला तेव्हा काय झालं माहितीये का... रडत होत्या, हसत होत्या, बोलत होत्या.

नूपुर ऐकत होती. हळूहळू तिच्या उड्या थांबल्या. कपाळाला बारीकशी आठी पडली. आजीचं बोलणं वाहतच होतं. शेवटी तिने आपला चिमुकला तळहात आजीच्या ओठांवर ठेवला, रागाने नाही, अगदी हळू.

"नो, आजी. नॉट धिस."

"नूपुर," कालिंदी पुढे झाली. "आजी मराठी बोलतेय, बाळा. आपली आहे ती." लेकीशी मराठी बोलताना तिचं तिलाच परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

"आय नो, मम्मा," नूपुर म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. तिने शांतपणे, आईला समजेल अशा बेताने सांगितलं, "मराठी इज फॉर कराड. नॉट इन अवर हाउस." मग आजीच्या गालावरचं पाणी पुसत म्हणाली, आजी नवीन आहे ना, तिला येत नाही, मी शिकवीन तिला.

शोभाताईंनी आशेने वर बघितलं. "काय म्हणाली गं? मराठी म्हणाली, कराड म्हणाली... काय म्हणाली?"

कालिंदीच्या तोंडाला खरंच कोरड पडली.

"म्हणते," ती म्हणाली, "मला कराडला ने, आजी. मराठी शिकायचीय."

शोभाताईंचा चेहरा असा उजळला, की कालिंदीला तिथून पळून जावंसं वाटलं. "अगं, कार्तिकी झाली की नेतेच! सुट्टी कधी आहे तिला? आणि आत्ता काय म्हणतेय बघ ती..."

नूपुरने आजीचा हात आपल्या पोटावर ठेवला होता. "हंग्री," ती एकेक अक्षर सुटं करून म्हणाली. "से, हंग्री."

"हंग्री," शोभाताई म्हणाल्या.

नूपुरने टाळ्या पिटल्या आणि त्यांच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. तिच्या खांद्यावरून शोभाताई सुनेकडे बघत होत्या, डोळे भरलेले.

"बरोबर म्हटलं ना गं मी?" त्यांनी विचारलं. "बघ कालिंदी, बोलली ती माझ्याशी."

"हो आई," कालिंदी म्हणाली, "अगदी बरोबर म्हटलंत." आणि ताट वाढायला स्वयंपाकघरात गेली.